नमुना कोण घेणार?

बाझल शहराच्या उत्तर टोकाला ऱ्हाइन नदी स्वित्झर्लंड सोडते. तिथे डाव्या काठाला फ्रान्स लागतो, उजव्या काठाला जर्मनी. आणखी थोडं खाली, वाइल आम ऱ्हाइन या जर्मन गावाच्या हद्दीत, पालमराइन पुलाजवळ नदीचं पाणी तपासणारं एक केंद्र आहे. १९९३ पासून ते चालू आहे. जमीन जर्मनीची. पैसे स्वित्झर्लंड आणि बाडेन-व्युर्टेमबर्ग हे जर्मन राज्य मिळून देतात. रोजचं काम मात्र बाझलच्या पर्यावरण खात्याची माणसं करतात. म्हणजे वरच्या अंगाला ज्या शहराचे औषधांचे आणि रसायनांचे कारखाने आहेत, त्याच शहराची माणसं शेजारच्या देशात बसून आपल्या शहरातून वाहून आलेलं पाणी तपासतात आणि आकडे सगळ्यांसमोर ठेवतात.

मी रसायनांच्या पृथक्करणाचं काम करते, त्यामुळे या केंद्रात मला सगळ्यात आवडते ती त्याची नमुना घेण्याची पद्धत. नदीच्या एका काठावरून बादलीभर पाणी उचललं आणि झालं, असं तिथे चालत नाही. नदीच्या रुंदीत पाच ठिकाणांहून पाणी ओढून घेतलं जातं. एखाद्या काठावरून सोडलेलं सांडपाणी लगेच सगळ्या पात्रात मिसळत नाही. ते कितीतरी अंतर त्याच काठाला धरून वाहतं. पाच जागी वेगवेगळं मोजलं, की घाण डाव्या अंगाने आली की उजव्या, हे पाणीच सांगतं. मग शोध घेणाऱ्याला अर्धी नदी सोडून देता येते.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातली. आमच्याकडे नमुना या विषयावर आयुष्यभर भांडणं ऐकली आहेत. मासे मेले की माणसं बंधाऱ्यावर जमतात, कुणीतरी साहेबांना फोन करतं, साहेब येईपर्यंत बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, निघालेले असतात आणि काळं पाणी पुढे गेलेलं असतं. मग नमुना घेतला जातो. तो बहुतेक वेळा बरा येतो. त्यामुळे इकडे बाझलला आल्यावर मला ऱ्हाइनच्या देखण्या काठापेक्षा या पाच नळ्यांचं अप्रूप जास्त वाटलं. हे लोक मुळातच इतके शिस्तीचे, असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. ते खरं नाही. ही नदी एके काळी युरोपचं गटार म्हणूनच ओळखली जात होती, आणि या नळ्या तिच्यात उतरल्या त्या एका भयंकर रात्रीनंतर.

१ नोव्हेंबर १९८६. मध्यरात्र उलटून काही मिनिटं झाली होती. बाझलला लागूनच असलेल्या श्वाइत्सरहाल्ले इथल्या सँडोझ कंपनीच्या ९५६ क्रमांकाच्या गोदामाला आग लागली. आत साधारण १,३५० टन रसायनं होती, त्यात बरीचशी कीटकनाशकं. पहाटे सायरन वाजले. खिडक्या-दारं बंद करा, घराबाहेर पडू नका, असं लोकांना सांगण्यात आलं. हवेत सडक्या अंड्यांचा वास भरला होता. चेर्नोबिल होऊन जेमतेम सहा महिने झाले होते, त्यामुळे त्या पहाटे लोकांच्या मनात काय काय येऊन गेलं असेल हे सांगायला नको. ज्यांनी ती रात्र काढली, ती वयस्कर माणसं अजूनही तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात.

आग विझली, पण नदीचा घात केला तो आग विझवणाऱ्या पाण्याने. हजारो घनमीटर पाणी जळत्या रसायनांवर मारलं गेलं आणि ते अडवून धरायला गोदामाभोवती काहीच सोय नव्हती. ते नाल्यांतून सरळ नदीत उतरलं. त्यातल्या एका रंगद्रव्याने ऱ्हाइन लाल झाली. सुमारे दीड लाख ईल मासे मेले. विषाचा तो पट्टा पुढे जर्मनीतून नेदरलँड्सपर्यंत गेला आणि वाटेतल्या शहरांना नदीतून पिण्याचं पाणी उचलणं थांबवावं लागलं. पाच वर्षं आधी, १९८१ मध्ये, एका विमा कंपनीच्या तज्ज्ञांनी या गोदामातला हाच धोका लेखी दाखवून दिला होता. ते वाचल्यावर मी बराच वेळ सुन्न बसून होते. धोका ठाऊक होता. कागदावर होता. फक्त ज्यांच्या दारावरून ते पाणी जाणार होतं, त्यांच्यापैकी कुणाच्याही हातात तो कागद नव्हता.

खालच्या देशांना खबरही उशिरा गेली. नदी कुणासाठी थांबत नाही, आणि त्या तासांची भरपाई नंतर कोणत्याही पत्राने होत नाही. लोक रस्त्यावर उतरले. खालच्या प्रयोगशाळा पाण्याची बारीक तपासणी करू लागल्या, तेव्हा त्या गोदामात कधी नव्हतीच अशी रसायनंही नमुन्यांत सापडली. मग नदीकाठच्या इतर काही कारखान्यांना आपापल्या गळत्या कबूल कराव्या लागल्या. या सगळ्या प्रकरणातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कुणी नीट बघायला लागलं तेव्हाच नदीत रोज काय चाललं होतं ते दिसलं.

खरं तर या देशांचा ऱ्हाइन आयोग तेव्हा तीन दशकांहून जुना होता. ११ जुलै १९५० रोजी स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स यांनी तो सुरू केला; १९६३ च्या बर्न करारानं त्याला कायद्याचा आधार मिळाला. त्याचं कार्यालय कोब्लेन्झला आहे आणि त्या कार्यालयाचा प्रमुख नेहमी डच असतो. नदीच्या शेवटी जो राहतो त्याला सगळ्यांची घाण सोसावी लागते, म्हणून कारभाराची किल्ली त्याच्या हाती. ही प्रथा मला फार शहाणपणाची वाटते. पण आयोग होता म्हणून नदी स्वच्छ झाली, असं मुळीच नाही. पहिली कितीतरी वर्षं बैठका झाल्या, मोजमापं झाली आणि नदी मरत राहिली. एके काळी वर्षाला लाखांनी सामन मासे ज्या नदीत पकडले जात, तिथून विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास सामन नाहीसा झाला.

मिठाचं प्रकरण तर वाचण्यासारखं आहे. फ्रान्समधल्या अल्सास भागातल्या पोटॅश खाणी आपलं खारं सांडपाणी ऱ्हाइनमध्ये सोडत होत्या. कित्येक शे किलोमीटर खाली, नेदरलँड्समधल्या एका रोपवाटिकेला तेच पाणी रोपांना घालावं लागायचं. रोपवाटिकेने खटला भरला, तो फ्रान्समध्ये नाही तर आपल्या गावाजवळच्या रॉटरडॅमच्या न्यायालयात. खाणीचं म्हणणं, आमच्यावर फ्रान्समध्येच खटला चालवा. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं. ३० नोव्हेंबर १९७६ रोजी त्या न्यायालयाने सांगितलं, की घाण जिथे सोडली तिथेही दाद मागता येईल आणि नुकसान जिथे झालं तिथेही. कुठे मागायची हे ज्याचं नुकसान झालं त्याने ठरवावं. एका माळ्याच्या तक्रारीतून एवढा मोठा दरवाजा उघडला.

त्याच्या तीनच दिवसांनी या देशांनी क्षारांविषयी करार केला. मीठ कमी करायला येणाऱ्या खर्चातले ३० टक्के फ्रान्सने, ३० टक्के जर्मनीने, ६ टक्के स्वित्झर्लंडने आणि ३४ टक्के नेदरलँड्सने द्यायचे ठरले. सर्वांत मोठा वाटा ज्याचं नुकसान होत होतं त्याचाच! हे मला आजही न्यायाचं वाटत नाही. घाण करणाऱ्यानेच पैसे भरले पाहिजेत, असं मी मानते. तरीही फ्रान्सने मंजुरी द्यायला वर्षानुवर्षं लावली. १९७९ मध्ये नेदरलँड्सने वैतागून पॅरिसहून आपला राजदूत परत बोलावला. मिठासाठी राजदूत परत बोलावणारा देश, हे वाचून मला त्या देशाबद्दल आदर वाटला. करार अमलात आला १९८५ मध्ये.

म्हणजे १९८६ ची ती आग कोऱ्या पाटीवर लागली नव्हती. एकमेकांना ओळखणारी माणसं, भांडून झालेले वाद, न्यायालयाचा निकाल, मोजमापाच्या ठरलेल्या पद्धती, हे सगळं आधीच होतं. नव्हती ती निकड. आगीनंतर काही आठवड्यांत सगळ्या देशांचे मंत्री एकत्र बसले आणि १९८७ मध्ये ऱ्हाइन कृती कार्यक्रम मंजूर झाला. घातक द्रव्यांचं प्रमाण १९८५ च्या तुलनेत १९९५ पर्यंत निम्म्यावर आणायचं आणि २००० सालापर्यंत सामन परत आणायचा, अशी साधी, कुणालाही समजतील अशी उद्दिष्टं ठरली. बहुतेक द्रव्यांच्या बाबतीत निम्म्याहूनही जास्त घट झाली. सामनही नदीत परतला. वरच्या भागातले काही बांध मात्र त्याच्या वाटेत अजूनही आडवे आहेत. स्ट्रासबूर्गच्या बांधावर माशांना चढून जायची वाट २०१६ मध्ये झाली, गेर्स्टहाइमच्या बांधावर २०१९ मध्ये.

आता नदीकाठी ठरावीक अंतरावर इशारा केंद्रं आहेत. एखाद्या ठिकाणी गळती झाली, की पहिली खबर खालच्या केंद्राला जाते, तिथून पुढच्या. घाणीचा पट्टा कुठल्या शहरात किती वाजता पोचेल याचा हिशोब करणारं गणिती प्रारूप आहे. पाणीपुरवठ्याची माणसं त्याप्रमाणे नदीतून पाणी उचलणं थांबवतात. जर्मनी आणि नेदरलँड्सच्या सीमेवर बिमेन आणि लोबिथ इथे पुन्हा दोन देशांचं मिळून मोजमाप आहे. वाइलच्या केंद्रात तर हल्ली आधी ठाऊक नसलेल्या द्रव्यांचाही माग काढतात. २०१४ या एका वर्षात अशा तपासणीतून यापूर्वी कधी लक्षात न आलेल्या द्रव्यांच्या दहा मोठ्या घटना पकडल्या गेल्या. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे वाचताना अंगावर काटा येतो. यादीत नाव असलेलीच रसायनं शोधत बसलो असतो, तर ही कधीच सापडली नसती.

पाण्याचा नमुना ही अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी कारखान्याच्या फाटकाच्या आत असते. १९९२ मध्ये युरोपातल्या पर्यावरण तपासनिसांनी इम्पेल नावाचं एक जाळं सुरू केलं. त्यात युरोपीय संघाबाहेरचे देशही आहेत. एका देशाचे तपासनीस दुसऱ्या देशात जातात, तिथली परवाने देण्याची आणि तपासणीची पद्धत पाहतात आणि काय चांगलं, काय कच्चं ते लिहून देतात. दंड करण्याचा अधिकार त्यांना नसतो. पण आपल्याच कामाची माणसं शेजारून येऊन बघणार आहेत म्हटलं की काम सुधारतं, हे कुठल्याही शाळेतल्या मास्तरांना ठाऊक आहे. या लोकांच्या अनुभवातून नियमही घडले. युरोपीय संघाच्या २०१० च्या औद्योगिक उत्सर्जन निर्देशात लिहिलं आहे, की सर्वांत धोक्याच्या कारखान्याची पाहणी वर्षातून एकदा तरी झालीच पाहिजे, सर्वांत कमी धोक्याच्या कारखान्याची तीन वर्षांतून एकदा. आणि पाहणीचा अहवाल चार महिन्यांच्या आत लोकांना वाचायला खुला झाला पाहिजे. हा शेवटचा भाग मी दोनदा वाचला. लोकांना. न मागता.

आणि हे सगळं असूनही फसतं. २०२२ च्या उन्हाळ्यात पोलंड आणि जर्मनीच्या सीमेवरून वाहणाऱ्या ओडर नदीत शेकडो टन मासे मेले. पाण्यात सोडलेल्या क्षारांमुळे एरवी खाऱ्या पाण्यात राहणारं विषारी शेवाळ नदीत माजलं होतं. ओडरलाही आयोग आहे, इशारा देण्याची योजनाही आहे. पोलंडमध्ये जुलैच्या अखेरीपासून मेलेले मासे दिसत होते, पण खबर वेळेवर आली नाही, अशी जर्मनीची तक्रार होती. जर्मन हद्दीत ऑगस्टमध्ये मासे तरंगू लागले तेव्हा तिथल्या लोकांना कळलं. पोलंडच्या पंतप्रधानांनी जल खात्याच्या आणि पर्यावरण तपासणी खात्याच्या प्रमुखांना घरी पाठवलं. तोवर नदीत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

उन्हाळ्यात इथली माणसं ऱ्हाइनमध्ये पोहतात. कपडे माशाच्या आकाराच्या पाणबंद पिशवीत घालायचे, पिशवी मिठीत धरायची आणि प्रवाहाबरोबर शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाहत जायचं. मीही जाते. पहिल्यांदा पाण्यात उतरले तेव्हा रडू आलं होतं. लहानपणी आम्ही नरसोबाच्या वाडीच्या संगमावर, पंचगंगा जिथे कृष्णेला मिळते तिथे, अशाच डुंबत असू. पुराचं पाणी दत्ताच्या मंदिरात शिरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा, आणि त्या पाण्यात स्नान करायला पहाटेपासून झुंबड. माझ्या भाच्यांना आज त्या पाण्यात उतरू द्यायला घरचे दहा वेळा विचार करतात. वर कोल्हापूर, मग इचलकरंजी, साखर कारखाने, कापडाच्या प्रोसेस, म्हणजे कापड धुण्या-रंगवण्याचे कारखाने. खाली तेरवाडच्या बंधाऱ्याशी साचलेली जलपर्णी. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हा किती घरांत रडारड झाली, ते आमच्या भागातलं कुणी विसरलेलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात आप्पांना, माझ्या चुलत्यांना, फोनवर या केंद्राबद्दल सांगत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे घाण करणारा बी तिथं, आन् मोजणारा बी तिथंच? आन् खालच्या गावाला खरं सांगत्यात?" मी म्हटलं, "होय आप्पा, सांगत्यात." थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आपल्या खाली कर्नाटक हाय रं. त्यास्नी कोण सांगतंय?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. शिरोळकर म्हणून मी नेहमी स्वतःला खालच्या अंगाची समजत आले. पण राजापूरच्या बंधाऱ्याच्या पुढे कृष्णा कर्नाटकात जाते. पुढे कुडची, मग हिप्परगी, मग अलमट्टी. कृष्णाच नाही, भीमाही आपल्याकडून तिकडे जाते, हिरण्यकेशीही. या नद्यांच्या बाबतीत महाराष्ट्र बाझलच्या जागी आहे. वर बसलेला. ज्याने आपलं पाणी आपणच तपासून खालच्याला सांगायचं, तो.

दोन राज्यांमध्ये कृष्णेचं भांडण काही नवं नाही. बच्छावत लवाद झाला, मग ब्रिजेशकुमार लवाद. टीएमसीचा हिशोब आमच्याकडे चहाच्या टपरीवर तोंडपाठ असतो. अलमट्टीची उंची वाढवायची की नाही यावर मोर्चे निघतात. पाणी किती, यावर इतकं बोललो आपण. पाण्यात काय आहे, हे दोन राज्यांनी समोरासमोर बसून एकमेकांना विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. पुरानं मात्र आपल्याला थोडं शिकवलं. २०१९ चा पूर होऊन गेल्यावर, जून २०२१ मध्ये आपले तेव्हाचे जलसंपदामंत्री जयंत पाटील बंगळूरला जाऊन तिथले तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पांना भेटले. धरणातून पाणी सोडण्याची माहिती दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांनी वेळच्या वेळी एकमेकांना द्यायची असं ठरलं. किती पाणी येतंय हे जर फोन करून सांगता येतं, तर काय येतंय हेही सांगता येईल.

आणि यासाठी नवा कायदा लागत नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात कलम १३ आहे. शेजारच्या दोन किंवा अधिक राज्यांना आपसात करार करून संयुक्त प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन करता येतं, असं त्यात लिहिलेलं आहे. त्याच कायद्यात राज्यांच्या मंडळांमधले वाद सोडवण्याचं काम केंद्रीय मंडळाकडे दिलं आहे. योगायोग असा, की पर्यावरण संरक्षण कायदा आपल्याकडे लागू झाला १९ नोव्हेंबर १९८६ रोजी, सँडोझच्या आगीनंतर बरोबर अठरा दिवसांनी. आपला कायदा आला तो भोपाळमुळे. पण भोपाळमध्ये कायदा सरहद्दीशी येऊन थांबला. अमेरिकेतल्या मूळ कंपनीच्या प्रमुखाला अटक झाली, जामीन मिळाला, आणि तो भारतातल्या न्यायालयात परत कधी उभा राहिला नाही. कारखान्यातला विषारी कचरा जर्मनीला नेऊन जाळायची बोलणी २०१२ मध्ये मोडली. तो भोपाळमधून हलला २०२५ च्या जानेवारीत. ३३७ टन, पीथमपूरला. चाळीस वर्षांनी. शेजारची दोन राज्यं, एक संविधान, एक सर्वोच्च न्यायालय, एक कायदा असलेल्या आपल्याला याहून नक्कीच बरं जमायला हवं.

मला वाटतं सुरुवात लहान असावी. राजापूर बंधाऱ्याखाली एक जागा ठरवावी. दोन्ही राज्यांच्या मंडळांची माणसं एकाच वेळी हजर, पात्राच्या रुंदीत दोन-चार ठिकाणांहून पाणी, प्रत्येक नमुन्याच्या दोन मोहोरबंद बाटल्या, एक कोल्हापूरकडे, एक बेळगावकडे. मासे मेले तर बरगे काढायच्या आधी नमुना आणि त्याच क्षणी खालच्या गावांना फोन. वर्षातून काही वेळा कर्नाटकातले तपासनीस इचलकरंजीच्या सांडपाणी केंद्राच्या पाहणीला बरोबर असावेत. त्यांनी दंड करू नये, फक्त पाहावं आणि लिहावं. पैशाचा वाटा कुणाचा किती, यावर भांडण होईल, आणि ते व्हावं. पण वाटा वरच्याने जास्त उचलावा, म्हणजे आपण.

आप्पांना मी कलम १३ चा मजकूर मराठीत लिहून पाठवला आहे. त्यांच्याबरोबर तालुक्यातली आणखी काही माणसं निवेदन तयार करताहेत. पहिली मागणी दोन्ही राज्यांनी मिळून नमुना घेण्याची आहे, दुसरी तो आकडा त्याच आठवड्यात दोन्ही बाजूंच्या ग्रामपंचायतींच्या फळ्यावर लावण्याची. कन्नड मजकूर अजून झालेला नाही. चिकोडी, रायबाग, अथणी भागातले कुणी हे वाचत असतील आणि दोन्ही भाषा लिहीत असतील, तर जरूर हात लावा. निवेदन एकाच दिवशी दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचं आहे.